‘सावकाश’ म्हणजे हल्ला

आई, आज सराव नाही. गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून स्वयंपाकघरात बसलोय आणि तुला लिहितोय. मराठीत लिहितोय, कारण ज्याला मराठीत लिहावं असं माणूस माझ्याकडे तू एकटीच होतीस. बाबांशी मी इंग्रजीत बोलतो, ते मराठीत उत्तर देतात, आणि आमचं तसं बरं चाललंय. रविवारची मराठी शाळा बुडवायची नाही, या एका अटीवर तू मला इथला तो धडकाधडकीचा अमेरिकन फुटबॉल खेळू दिलास. त्या शाळेत शिकवायचीसही तूच, त्यामुळे सुटका नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर आज चालवून घे.

नेपरव्हिलचं आमच्या हायस्कूलचं मैदान डोळ्यांसमोर येतंय. ऑक्टोबरातला बोचरा वारा, बसल्या बसल्या गारठवणारी ती धातूची बाकं. दिवसभर ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल देऊन तू परस्पर तिथे यायचीस, जाडजूड कोटावर शाल गुंडाळायचीस, आणि वारा कमी लागतो म्हणून खुशाल पाहुण्यांच्या बाजूच्या बाकांवर जाऊन बसायचीस. बाकीच्यांच्या आया आमच्या बाजूला, माझी आई शत्रूच्या गोटात. दातांवर घालायचं ते रबरी कवच गरम पाण्यात मऊ करून घ्यावं लागतं, तर तू ते चहाच्या पातेल्यात उकळलं होतंस. अख्खा सीझन माझ्या तोंडाला आलं आणि गवती चहाची चव होती. मी लाइनबॅकर. हे तुला कधीच नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगतो: समोरचा चेंडू घेऊन पळत सुटला की त्याला गाठून जमिनीवर पाडायचं, एवढंच माझं काम. मी त्याच्या दिशेने धावलो की पलीकडून तू उभी राहून ओरडायचीस, “सावकाश रे, सावकाश!” मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आमच्या पोरांनी मात्र त्या शब्दाचा आपल्या परीने अर्थ लावला. तू ओरडलीस की पुढच्याच क्षणी मी कुणाला तरी आडवा करतो, तेव्हा ‘सावकाश’ म्हणजे ‘हाण त्याला’, हे त्यांच्या लेखी उघड होतं. सीझन अर्ध्यावर येईपर्यंत डाव सुरू होण्याआधी सगळे रिंगण करून हातावर हात ठेवायला आणि ‘सावकाश’ म्हणून गर्जायला लागले. तू केवढी सुखावलीस. घरी येऊन बाबांना म्हणालीस, “बघा, परक्यांची पोरं माझं ऐकतात. आपलाच तेवढा ऐकत नाही.” मला हसू आवरत नव्हतं.

मग ते जेवण. कोच तुला म्हणाले होते, याने थोडं वजन वाढवायला हवं, आणि तू ते थेट स्वतःच्या स्वयंपाकावर घेतलंस. “माझ्या घरात मुलगा वाळलाय म्हणतो? सगळ्यांनाच बोलाव जेवायला.” दोन दिवस आपल्या घरात पावभाजीशिवाय दुसरा वास नव्हता. धिप्पाड पोरं कोपराला कोपर लावून टेबलाभोवती बसली, तू सगळ्यांना वाढलंस, आणि यजमानीणबाईंनी म्हणायचं ते रीतसर म्हणालीस, “सावकाश होऊ द्या.” पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, तो शब्द एका सुरात गर्जून म्हटला, आणि तुटून पडली. तू हातात डाव घेऊन तशीच उभी. “अरे, यांना काय वाटतंय या शब्दाचा अर्थ?” मी सांगितला. तू स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस.

सगळे गेल्यावर भांडी विसळताना मात्र तू हसत नव्हतीस. मी म्हणालो, “आई, डोन्ट वरी सो मच. मला काही होत नाही.” तू नळ बंद केलास. “तुझी कसली काळजी? रेडा झालायस नुसता. परवा त्या बारक्या पोराला आपटलंस ना, त्याची आई माझ्या शेजारीच बसली होती. तिने डोळे गच्च मिटून घेतले. मी तुझ्यासाठी नाही ओरडत, त्याच्यासाठी ओरडते.” एवढं बोलून तू नळ पुन्हा सोडलास. मला राग आला होता. सगळ्यांच्या आया आपापल्या मुलांची काळजी करतात, माझी मात्र दुसऱ्यांच्या.

कॉलेज पेनसिल्व्हेनियात मिळालं, शिष्यवृत्तीसकट. तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात तू गेलीस. त्याबद्दल इथे लिहीत नाही. पुढे झालं ते सांगतो. तू होतीस तोवर तुझं ते ओरडणं मी सरळ कानाआड करायचो. तू गेल्यावर मात्र ऐकायला लागलो. समोरच्याला गाठलं, आता धडकायचं, की नेमका त्याच वेळी तुझा आवाज यायचा आणि माझं अंग किंचित ढिलं पडायचं. कॉलेजात ते खपून गेलं, ताकदीवर निभावलं. व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले तेव्हा मला कुणीच घेतलं नाही. शेवटी दक्षिणेकडच्या एका संघाने नुसतं सराव शिबिराला बोलावलं. तिथे खंडीभर मुलं येतात आणि जवळजवळ निम्म्यांना घरी पाठवतात. लहानपणापासून मला जे हवं होतं ते तिथे मिळणार होतं, नाहीतर कधीच नाही.

तिथल्या कोचनी दुसऱ्याच आठवड्यात मला पडद्यासमोर बसवलं आणि माझंच चित्रण दाखवलं. धावणारा, त्याच्यावर झेपावणारा मी, आणि तिथे त्यांनी चित्र थांबवलं. शेवटच्या पावलाला तू जोर सोडून देतोस, म्हणाले. का? मी म्हणालो, आय डोन्ट नो, कोच. ते शांतपणे म्हणाले की शिबिराचा शेवटचा सराव सामना बाकी आहे, तोवर शोधून काढ, नाहीतर मला तुला ठेवता येणार नाही. त्या दुपारी हॉटेलच्या खोलीत मी तुझ्याशी भांडलो. मोठ्याने, मराठीत. म्हणालो, आई, समोरचा काही बारकं पोर नाही, माझ्याएवढाच आहे, पगार घेऊन खेळायला आलाय. आणि अर्धवट धडकलं तर उलट जास्त लागतं, त्यालाही आणि मलाही. तू उलटून काही बोलली नाहीस, जे तुझ्या स्वभावात बसत नाही.

शेवटचा सामना. त्यांचा धावणारा फट शोधून मधूनच निसटतो. माझ्या आणि त्याच्यामध्ये कुणी नाही. ‘सावकाश’ ऐकू येतं, नेहमीच्या जागी, नेहमीच्या आवाजात. मी थांबत नाही. आम्ही दोघं असे भिडतो की माझ्या कानात काही वेळ नुसता सूं आवाज. तो आडवा, मी त्याच्यावर, आणि आमची पोरं मला पाठीत गुद्दे घालतायत.

आमच्या धंद्यात निवडीची रीत अशी की काढून टाकायचं असेल तर फोन येतो, ठेवलं असेल तर कुणी काही कळवतच नाही. दिवसभर फोन वाजला नाही की समजायचं, आपण राहिलो. हे बाबांना कोण सांगणार? निवडीच्या दिवशी सकाळपासून त्यांचाच फोन. प्रत्येक वेळी मी धावत जाऊन आधी नाव बघायचो.

“काही कळलं का रे?”

“बाबा, प्लीज डोन्ट कॉल. फोन आला म्हणजे काढलं.”

“मग मला कळणार कसं?”

“आय विल कॉल यू.”

“बरं.” आणि थोड्या वेळाने पुन्हा वाजला. “ते नाही विचारत. जेवलास का, एवढंच विचारायचं होतं.”

संध्याकाळपर्यंत त्यांच्याखेरीज कुणाचाही फोन आला नाही. मग मी लावला. राहिलो, म्हणालो. बाबा चक्क इंग्रजीत म्हणाले, “आय ॲम व्हेरी प्राउड ऑफ यू,” आणि मग आम्ही दोघंही रडलो. तू तिथे असायला हवी होतीस.

आता हा माझा दुसरा सीझन. मी सुखात आहे, आई. गुडघा कुरकुरतो, पण झोप छान लागते, आणि भाजी बऱ्यापैकी जमते. हे पत्र बाबांनाही दाखवणार नाही, टेबलाच्या खणात ठेवून देईन. ते महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना सांगत असतात, पोरगा स्वभावाने अगदी गरीब हो, खेळच तसला, म्हणून नाइलाजाने पाडतो. तूही तसंच समजत असणार. यात मला आवडतं तरी काय, हे तू कधी विचारलं नाहीस, आणि बरंच झालं म्हणून मीही कधी विषय काढला नाही. तर ऐक. तो जिवाच्या आकांताने माझ्यावर येतो, मी तसाच त्याच्यावर जातो, आणि आम्ही धडकतो तेव्हा मला जो आनंद होतो तसा दुसऱ्या कशानेच होत नाही. नंतर मी हात देऊन त्याला उभा करतो, दरवेळी, न चुकता. उभा करतो ते तुझ्यासाठी. पाडतो मात्र माझ्यासाठी.