बरोबर आलेलं उत्तर

५ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. उन्हाळी गणितवर्गात आम्ही तीस जण आहोत आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांचा तोरा उतरला. बाई सकाळी एकच गणित फळ्यावर लिहितात आणि खुशाल खिडकीशी जाऊन बसतात. खोडरबर वापरायचा नाही, चूक दिसली पाहिजे म्हणे. फोन महिनाभर जमा आहेत, म्हणून हा पत्रांचा थाट.

तुमच्यासाठी एक गणित. चोवीस खेळाडू, हरला तो बाद. एकच जण उरेपर्यंत सामने किती? तुमच्या टेपचा पहिला इंच झिजलाय, म्हणून तुम्ही एकापासून मोजता आणि शेवटी एक वजा करता. कापडावर कधी चुकत नाही, पण कागदावर वजा करायचं हटकून विसरता. तेव्हा जपून.

आईला नमस्कार. माझ्या सायकलला हात लावायचा नाही, असं दादाला बजावून सांगा. लोभ आहेच, गणित चुकलं तरी तो कमी होऊ नये.

तुमची मास्तरीण

१३ मे

चि. मास्तरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

बोटाला कात्री लागली आहे, म्हणून दादाकडून लिहवून घेतोय. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, दुकानात मान वर करायला फुरसत नाही. आई बरी आहे.

तुझं गणित जमलं. दर सामन्यात एक जण बाद होतो. तेवीस जण बाद व्हायचे, म्हणून सामने तेवीस. घरची काळजी करू नकोस. महिना पुरा करूनच ये. जेवणाची आबाळ करू नये, ही विनंती.

तुझे बाबा

१८ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र मिळालं. उत्तर बरोबर आहे.

दादा, ते चोवीस यायला हवं होतं. आधी मला हसू आलं, बाबा सुधारले म्हणून. मग खोलीतल्या मैत्रिणीला पत्र वाचून दाखवताना मी मध्येच थांबून ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पत्रात त्यांनी नेहमीसारखी आईची एकदाही चेष्टा केलेली नाही. मला भीती वाटतेय.

त्यांना डाव्या हाताने कागदावर नुसती एक रेघ ओढायला सांग आणि तो कागद पाठव. ते जमणार नसेल तर का, ते लिही. उत्तराची वाट पाहते.

मास्तरीण

२१ मे

चि. मास्तरीण हिस,
अनेक आशीर्वाद.

रेघ पाठवता येत नाही. नऊ तारखेला बाबा गेले. कटिंगच्या टेबलाशी उभे असताना छातीत कळ आली. दवाखान्यात नेताना गाडीत त्यांनी दोनदा तुझं नाव घेतलं.

तुझं पत्र आदल्या दिवशी आलं होतं. मी वाचून दाखवलं. ते हसले आणि सवडीने मोजून सांगतो म्हणाले.

आई तुला लगेच बोलावून घे म्हणत होती. लोक संध्याकाळपर्यंत थांबायला तयार होते. मीच नको म्हटलं. एकदा आलीस की तू परत वर्गाला जाणार नाहीस, असं वाटलं. तुझी निवड झाली तेव्हा बाबांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. ते फुकट जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं. चूक होती की काय, मला कळत नाही.

ते गणित मी तीनदा करून पाहिलं. बरोबर उत्तर दिलं तर तुला आनंद होईल, असं वाटलं.

आईसाठी तरी ये. माझ्यावर लोभ ठेव असं कुठल्या तोंडाने लिहू?

दादा

२४ मे

ती. दादास,
सा. न.

रविवारच्या बसने येते. घ्यायला येऊ नकोस. आईजवळ बस.

मला तुझा फार राग आलाय. तू माझं भलंच पाहिलंस, हे कळतं, म्हणून तो कुठे काढावा ते सुचत नाही.

नऊ तारखेला मी फळ्यावर पहिलं गणित सोडवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाकावर चढून वाकून नमस्कार केला. घड्याळ समोरच होतं, वेळ माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. बाबा किती वाजता गेले ते मला कधीही सांगू नकोस. आईलाही सांगून ठेव.

लोभ आहे. वाढावा असं आज लिहिता येत नाही.

तुझी बहीण