दाखल्यावरचे वय, वहीतले वय

मी, गंगू देवमन खिल्लारे, राहणार रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम, त्रिशरण-पंचशील म्हणून, कोणाच्या दबावाखाली न येता, पुऱ्या शुद्धीत हे माझ्या हाताने लिहिते.

वय दाखल्यावर त्र्याहत्तर. बापाने दीक्षा घेतल्यावर मला नवव्या वर्षी शाळेत घातले. गुरुजींनी सगळ्यांसारखे सहा धरून १ जून लावला. तेव्हापासून दाखल्यावर माझा विश्वास नाही. रोज वंदना झाली की आज किती वर्षांची वाटते ते वहीत लिहिते. साखर आहे, गुडघे गेले, तरी बहुतेक दिवस आकडा साठच्या आतच.

जाऊ चंपाबाई माझ्याच वयाची, धडधाकट. पण पन्नाशीपासून एकच, "आपलं आता काय राह्यलं, गंगू?" माझी काठी तिला द्यावी. तिला ती माझ्याआधीपासून हवी होती.

चैत्र पौर्णिमेला आकडा छप्पन्न होता. तेव्हापासून रोज एक उतरतो. गुडघा दुखत नाही. घरचे म्हणतात, म्हातारी सुधरली. डॉक्टरांनीही तसेच लिहून दिले, तो कागद सोबत आहे. परसातून माझी कधीच गेलेली माय हाक मारते, आणि मी ओ देऊन बसते.

आज दहा.

राहते घर माझ्या नावावर आहे. ते नात साक्षी हिला. तिची आई, माझी लेक, गेल्यापासून ती माझ्यापाशी आहे, तिला दुसरे छप्पर नाही. मुलगा धम्मरत्न घर विकायचे म्हणतो. "माय, तुयं वय झालं, कायले घर धरून बसली?" त्याला शेत दिलेच आहे.

वह्या साक्षीने ठेवाव्यात. म्हातारपणी तिनेही लिहावे. आकडा उतरू लागला तर वाट पाहू नये.

सही साक्षीदारांसमोर हवी. दोघांपैकी राजपाल गावातच आहेत, जगदेव परगावी आहेत. उद्याच या, असा निरोप धाडला आहे. उद्या नऊ. परवा चालणार नाही.

अक्षर खाली खाली मोठे होत आहे. ते माझेच आहे.

रिठद, २८ मे २०२५

साक्षीदारांची नोंद

गाडी हुकल्याने मी, जगदेव, ३० तारखेला पोचलो. राजपाल यांनी मजकूर वाचून दाखवला. बाईंनी मान हलवली. पेन दिला तर म्हणाल्या, "मले लिहिता नाई येत, काका." मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे. म्हणून डावा अंगठा घेतला. ठसा फारच लहान उठला, तेव्हा पुन्हा घेतला. दोन्ही सारखेच आले.

साक्षीदार:
१. जगदेव खिल्लारे (सही)
२. राजपाल अंभोरे (सही)

रिठद, ३० मे २०२५