घाव माझा, गाणं तुमचं

बाबा, परवा रविवारी चर्चमध्ये तुमचं ते गाणं म्हणणार आहेत, आणि गाण्याच्या आधी मी उभं राहून साक्ष द्यायची आहे. नवे पाळकसाहेब मंगळवारी घरी आले होते. वय असेल तिशीचं, माणूस चांगला आहे. खुर्चीवर टेकता टेकता म्हणाले, "ताई, देवानं दुःखातून एवढं सुंदर गीत कसं काढलं ते मंडळीला सांगा ना. तुमच्या बाबांच्या विश्वासाची गोष्ट तुमच्याशिवाय कोण सांगणार?" मी एका ब्लाऊजला हुक लावत बसले होते, सुई सरळ बोटात गेली. "बघते" म्हटलं आणि चहा ठेवायला उठले. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि अजून तुमच्या विश्वासाची गोष्ट सांगायची म्हटली की माझाच पाय लागतो. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मंडळीपुढे काय बोलायचं ते ठरत नाही, म्हणून आधी तुमच्याशीच भांडून घेते.

नऊ वर्षांची होते मी. सेलूला तुमच्या शाळेमागे दोन खोल्यांत आपण राहत होतो. माझ्या उजव्या नडगीच्या हाडात पू झाला. दोनदा कापलं, आणि मग डॉक्टर म्हणाले की जखम वरून मिटता कामा नये, आतून भरत यायला हवी. म्हणून रोज तिच्यात औषधाची पट्टी ठासून भरायची, दुसऱ्या दिवशी ती ओढून काढायची आणि नवी भरायची. दवाखान्यातल्या ड्रेसरने आईला शिकवलं. चौथी शिकलेली बाई, पण चिमटा असा धरायला लागली की ड्रेसरच म्हणाला, तुम्ही माझी नोकरी घालवाल. आजार घोड्याच्या पायाने येतो आणि मुंगीच्या पायाने जातो म्हणतात. माझ्या वाट्याला आलेली मुंगीही लंगडीच असावी, कारण तिला जायला चौदा महिने लागले.

सकाळ आहे. स्टोव्हवर मीठ घातलेलं पाणी उकळून निवत ठेवलंय. आई पाटावर बसून माझा पाय आपल्या दोन गुडघ्यांत धरते, पाणी ओतून पट्टी भिजवते आणि म्हणते, "पायाकडे पाहू नको पोरी, भितीकडे पाह्य." मी भिंतीकडे पाहते. आणि तेवढ्यात तुम्ही बाहेरच्या खोलीत निघून जाता, मधलं दार लोटता आणि पेटी काढता. रोज. आईने चिमटा उचलला की तुमचा भाता सुरू. सुरुवातीला जुनी गायनं वाजवत होतात, मग हळूहळू एक नवीच चाल यायला लागली, आणि शेवटी शब्द आले. "घाव दिला तू, धन्य प्रभू, मज घाव दिला तू." बाबा, हा 'मज' म्हणजे कोण हो? पाय माझा होता. पू माझा होता. पट्टी ओढताना जे काही शरीरातून मेंदूपर्यंत जातं ते माझ्या शरीरातून जात होतं. तुम्ही मात्र आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलात, माझ्या जखमेवर फणा काढून. एकदा, फक्त एकदाच, तुम्ही दार किलकिलं करून डोकावलात. पायाकडे पाहिलं नाहीत. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणालात, "एवढं ओरडू नये. प्रभूनं आपल्यासाठी किती सोसलं." आणि दार पुन्हा लावून घेतलंत. त्यानंतर कितीतरी दिवस मी फ्रॉकचा काठ दातांत धरून ठेवायचे.

लोक त्या गाण्यातल्या एका जागेचं फार कौतुक करतात. 'घाव दिला तू' म्हटल्यावर सगळं थांबतं. दोन मात्रा काहीच नाही, पेटी नाही, टाळी नाही, आणि मग हलकेच 'धन्य प्रभू' येतं. ज्याने त्याने तुम्हाला विचारलं की मास्तर, ही जागा कशी सुचली. तुम्ही वर बोट दाखवायचात. मला ठाऊक आहे ती जागा कशी आली. पट्टीचं शेवटचं टोक हाडाला चिकटलेलं असायचं, ते सुटताना मी किंचाळायचे, आणि माझी किंकाळी आली की तुमचा भाता थांबायचा. ओरडणं ओसरलं की तुम्ही पुढची ओळ घ्यायचात. रोज त्याच ठिकाणी. असं घडता घडता ते गाण्यातच बसलं. आज सगळी मंडळी डोळे मिटून ज्या जागेवर थांबते, तिथे मी ओरडतेय.

आणि हिंगणी. ते तर मी मेले तरी विसरणार नाही. त्या गावी एका घरी प्रार्थनेला गेलो होतो, अंगणात सतरंज्या घातल्या होत्या, चाळीसेक माणसं असतील. तुम्ही गाणं म्हटलंत, साक्ष दिलीत. म्हणालात, "मी गुडघे टेकले आणि माझ्या लेकराचा घाव प्रभूच्या चरणी ठेवला, तेव्हा त्यानं मला हे गीत दिलं." मग मला बाकावर उभं केलंत आणि फ्रॉक गुडघ्यापर्यंत वर धरायला लावलंत, सगळ्यांना नडगी दिसावी म्हणून. बाया पदराने डोळे पुसायला लागल्या. एका म्हातारीने तर व्रणाला हात लावून तो हात आपल्या कपाळाला लावला. मी दहा वर्षांची होते. मला लाज कळत होती, बाबा. परतीच्या एसटीत तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत आणि पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी दिलीत. ती मी एक एक करून खिडकीबाहेर टाकली. तुम्हाला वाटलं पोरगी खातेय.

पुढे लग्नाच्या गोष्टी आल्या तेव्हा गाणं माझ्या आधी पोचलेलं असायचं. तीन स्थळं आली. तिन्ही घरच्यांनी माझ्या हातचे पोहे खाल्ले, "म्हणजे ही ती गाण्यातली मुलगी" म्हणून हात जोडले, आणि दुसरीकडे मुली पाहिल्या. घाव गाण्यात धन्य असतो, सुनेच्या पायात नसतो. मी मशीनला मोटर बसवून घेतली, कारण पायडल मारणं मला जमत नव्हतं, आणि इथे बोरगाव मेघेतल्या निम्म्या बायांचे ब्लाऊज शिवले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं काम चांगलं आहे, माझ्या बाहीला झोळ येत नाही. तक्रार आहे ती उपदेशाची. दर दोन वर्षांनी कुणीतरी पाहुणे उपदेशक येतात आणि सांगतात की देव आपल्या लाडक्यांना भट्टीत घालतो, मग त्यातून सोनं निघतं, आणि हात माझ्याकडे करतात. देवाला एक गायन हवं होतं म्हणून त्याने नऊ वर्षांच्या पोरीचं हाड कुजवलं? असल्या देवाच्या दारात मी चप्पलसुद्धा काढली नसती. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्रसुद्धा आधी सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, बडबड नंतर केली त्यांनी. तुम्ही सात मिनिटंही बसला नाहीत. देव तेव्हा आपल्या घरात होताच म्हणायचं असेल तर तो आतल्या खोलीत होता, आईच्या चिमट्याजवळ. पेटीच्या खोलीत नव्हता. मी रविवारी हेच बोलणार होते. वाक्यसुद्धा पाठ करून ठेवलं होतं.

बुधवारी संध्याकाळी तरुणांची प्रॅक्टिस होती, मला बोलावलं म्हणून गेले. कीबोर्डवर कॉलेजातली एक मुलगी होती. गाणं छान बसवलं होतं त्यांनी, थोडं जलद, पण छान. 'घाव दिला तू' झालं आणि त्या रिकाम्या जागेत तिने वरून खाली घरंगळणारी सुरांची एक लड सोडली. मी ताडकन उठले, लंगडा पाय बाकाला आपटला. "तिथं काही वाजवायचं नाही!" चर्चच्या भिंती दणाणल्या असतील. मुलगी घाबरली. म्हणाली, "पण आंटी, तिथं खाली खाली वाटते ना." मी म्हटलं, "वाटू दे. ती जागा कोणाच्या बापाची नाही." मग माझंच मला विचित्र वाटलं. ज्या गाण्याचा मी आयुष्यभर राग केला त्याच्या दोन मात्रांसाठी मी पोरांवर धावून जातेय. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "ताई, मग रविवारी सांगाच तुम्ही."

आईचं तुम्हाला सांगायचं राहिलं. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणावर आहे. सगळे दात गेले, जीभ शाबूत आहे. पडून पडून पाठीला जखम झाली, त्यावर रोज सकाळी एक नर्सबाई येऊन ड्रेसिंग करते. काल बाई आत काम करत होती, कूलरची घरघर चालली होती आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी होते. आई कण्हली. मी काय करत होते ते माझ्या लक्षातही आलं नाही, आतून आईचाच आवाज आला तेव्हा कळलं की मी तुमची चाल गुणगुणत होते आणि तिच्या कण्हण्याला थांबले होते.

"काऊन थांबली वं? गा ना," आई म्हणाली. "तुये बाबा वाजवत त माया हात चाले."

मी दारापर्यंत गेले. "म्हणजे?"

"म्हणजे काय! पह्यल्या दिवशी तू तापाच्या गुंगीत होती, तेच बसले होते तुया पायापाशी. पट्टी काढाले गेले अन् चक्कर येऊन पडले. चिमटा इकडं, मास्तर तिकडं. मीच बाहेर काढलं त्यायले. म्हटलं, जा, पेटी वाजवा. पोरीचं ओरडणं ऐकू आलं त माया हात थांबते, अन् हात थांबला त पोरीचा पाय जाते. ते म्हणे मी कसा वाजवू. मी म्हटलं, वाजवा म्हणजे वाजवा."

"अन् ते?"

"वाजवत. रडून राह्यले अन् वाजवून राह्यले. तू ओरडली का हात थांबे त्यायचा. मले दाराच्या फटीतून दिसे सारं."

"मले काऊन नाई सांगितलं मंग इतके वर्षं?"

"शपथ घातली होती त्यायनं. म्हणे, बाप भेकड होता हे पोरीले सांगू नको." मग नर्सबाईने तिला कुशीवर वळवलं तशी ती पुन्हा कण्हली आणि म्हणाली, "उद्या बी अशीच गाजो."

बाबा, तुम्हाला वाटेल, आता पोरगी विरघळली. नाही. आता मला दुप्पट राग आलाय. हिंगणीच्या अंगणात तुम्ही म्हणालात, मी गुडघे टेकले. कुठे टेकलेत? तुम्ही आडवे झाला होतात! हेच सांगायचं होतं ना त्या चाळीस माणसांना. मला बघवलं नाही, बायकोने मला हाकललं, मी दाराआड रडत पेटी वाजवली, आणि लेकरू ओरडलं की माझा हात चालेना. ही साक्ष दिली असती तर मी बाकावरून उतरून तुमच्या मांडीवर येऊन बसले असते. पेपरमिंट खाल्लं असतं. तुम्ही मला विश्वासवीर बाप दिलात, आणि मला भित्रा बाप चालला असता. भित्रा बाप माझ्या बाजूचा होता. तो धन्य वगैरे म्हणणारा मास्तर माझा कोणी नव्हता. चाळीसपेक्षा जास्त वर्षं मी दाराच्या एका बाजूला रागावून बसले आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला खोटं बोलून बसलात, आणि मध्ये आई बिचारी शपथ पाळत राहिली.

तर रविवारी मी उभी राहीन. दुःखाने गाणं दिलं असं म्हणणार नाही, दुःखाने फक्त पू दिला. गाणं एका माणसाने केलं, कारण त्याला आत येववत नव्हतं आणि घराबाहेर पळूनही जाववत नव्हतं. घावासाठी मी देवाचे आभार मानणार नाही, आणि तरी माझा विश्वास आहे हेही सांगेन. तो तुमच्या शब्दांनी वाढला नाही. मंडळी थांबते त्या दोन मात्रांमध्ये वाढला, दर वेळी, मी मान खाली घालून दात आवळून बसलेली असताना. वधस्तंभावरून प्रभूनेही मोठ्याने हाक मारली होती, देवा, मला का सोडलंस म्हणून. त्या वेळी त्याने आभार मानले नव्हते, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी ती हाक पुसून टाकली नाही. एवढं आधाराला पुरतं मला. मुलांनी तिथे काही वाजवलं नाही म्हणजे झालं.

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, आणि पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण मंडळीपुढे जे बोलणार नाही ते इथे खाली लिहायचं आहे. नर्सबाई रोज येते. मी पाणी उकळून देते, कापूस देते, पट्ट्या कापून देते आणि ओट्याशी जाऊन उभी राहते. ती जाताना सांगते की ताई, आज जरा लाल आहे, किंवा आज बरी दिसते. मी मान हलवते. पाच महिने झाले बाबा, आणि आईची जखम केवढी आहे ते मला माहीत नाही. मी एकदाही पाहिलेली नाही.