मम्माचं मढंफूल

प्रिय एलरॉय,

हे पाकीट क्लेटनच्या मावसभावाच्या हाती पाठवतेय. तो लोकरीचा ट्रक घेऊन पोर्ट एलिझाबेथला येतोय, म्हणाला, वहिनी, अगदी दारात नेऊन देतो. पोस्टात टाकलं तर कधी मिळेल देव जाणे, आणि फोन तू उचलत नाहीस. माझं अक्षर बघून फाडून टाकायच्या आधी एवढंच कर, शेवटपर्यंत वाच. सगळं घडलं तसंच सांगणार आहे. माझा जीव टांगणीला लागला होता, तसा थोडा वेळ तुझाही लागू दे. यावर रागावू नकोस. थोरली बहीण आहे मी तुझी.

गेल्या रविवारी चर्चहून येऊन मी कोंबडी भाजायला ठेवत होते, तेवढ्यात विलोमोरहून पांच्या शेजारणीचा, तान्नी फियाचा फोन आला. तुला तिचा फोनवरचा आवाज माहीत आहे, समोरचा डोंगरापलीकडे उभा असल्यासारखी ओरडते. त्या दिवशी मात्र कुजबुजत होती. म्हणाली, "पोरी, मी काही म्हणत नाही हं. पण तुझे पा आज चर्चला आले नाहीत. पुढचं-मागचं दोन्ही दारं बंद आहेत. हाका मारून घसा बसला माझा. आणि..." मी म्हटलं, "आणि काय, तान्नी?" तर म्हणाली, "खिडकीला माश्या आहेत गं. आतल्या बाजूनं. आणि वास येतोय."

ओव्हन बंद केला की नाही ते मला आजही आठवत नाही. क्लेटननं गाडी काढली. मी पिशवी भरली आणि तिच्यात काळा ड्रेस घातला. घातला आणि त्याच्यावर टॉवेल ठेवला, जणू मलाच तो दिसू नये म्हणून. आउट्सहोर्नहून विलोमोर काही फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना. दर थोड्या वेळानं तुझा नंबर लावत होते. घंटा वाजायची आणि तुटायची. क्लेटन म्हणाला, "राहू दे आता, गाडी चालवू दे मला शांतपणे." मी त्याच्यावर ओरडले. त्याचा काय दोष?

वाटेत मला सारखं तेच दिसत होतं, मम्माची मूठमाती. तू थडग्याच्या काठावर उभा, सगळं गाव ऐकतंय, आणि तू पांना म्हणतोयस, "मी तिला मोठ्या दवाखान्यात नेत होतो. तुम्ही नेऊ दिलं नाही. तुम्ही मारलंत तिला." आणि पा म्हणाले, "माझ्या घरात तुझं काही नाही आता." तीन वर्षं झाली. त्यानंतर मी पांकडे जात राहिले म्हणून तू मला पांची चमची म्हणालास आणि माझ्याशीही बोलणं सोडलंस. मी कुणाची बाजू घेतली नव्हती रे. मम्मानं मला सांगितलं होतं की तिला घरीच राहायचंय. तुला तिनं ते सांगितलं नाही, कारण तुझ्या तोंडावर नाही म्हणणं तिला कधी जमलंच नाही. पांनी ते सगळं स्वतःवर घेतलं आणि गप्प बसले.

पोचलो तर घरासमोर अर्धी गल्ली. चर्चचं बघणाऱ्या ऊम केर्नील्सनं तिथल्या खुर्च्याही आणून मांडल्या होत्या, ओळीनं, आणि तान्नी फियाच्या चुलीवर मोठं कॉफीचं भांडं चढलेलं. म्हणजे लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. एक तरुण पोलीस तोंडाला रुमाल लावून उभा होता, म्हणाला, "घरचं माणूस आल्याशिवाय तोडत नाही म्हटलं, ताई." मी मान हलवली. त्यानं दोन धक्क्यांत मागचं दार पाडलं.

एलरॉय, तो वास! उन्हात दोन दिवस पडलेल्या मेंढीचा येतो ना, अगदी तसा. स्वयंपाकघर स्वच्छ होतं. कप धुवून पालथा घातलेला. टेबलावर पांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, फोन तिथंच चार्जरला लावलेला. झोपायच्या खोलीचं दार लोटलेलं. पोलीस म्हणाला, "ताई, तुम्ही थांबा, मी बघतो." मी म्हटलं, "नाही. माझे वडील आहेत." आणि मी दार ढकललं.

पलंग नीट लावलेला होता. रिकामा. आणि खिडकीत, जुन्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या कुंडीत, मम्माचं मढंफूल उमललेलं होतं. एक नाही, दोन. जेवायच्या ताटलीएवढी, पाच टोकांची, जांभळट तांबडी, सुरकुतलेली, वर बारीक केस, सोललेल्या कातडीसारखी. निळ्या माश्या त्यांच्यावर घोंगावत होत्या आणि मधोमध त्यांनी अंडीही घातली होती, पांढरी, मेलेलं जनावर समजून. मी खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता कधी रडायला लागले कळलं नाही. बाहेर तान्नी फियाला वाटलं, झालं. तिनं तिथूनच भजन सुरू केलं. क्लेटन धावत जाऊन ओरडला, "अहो थांबा, फूल आहे, फूल!"

तुला आठवतं ना ते झाड? ओट्याच्या कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यात असायचं, पानं नाहीत, नुसते चौकोनी हिरवे मऊ दांडे. त्याच्या फुगलेल्या कळ्या तू एकदा फट् फट् फोडल्यास आणि मम्मानं लाकडी चमच्यानं तुला गल्लीभर पळवलं. दर उन्हाळ्याच्या शेवटी पा ओरडायचे, "सिएना, तुझं मेलेलं डुक्कर हलव इथून, पाहुणे येत नाहीत आपल्याकडे." आणि ती म्हणायची, "त्याला जसं देवानं केलं तसं ते उमलतं. तुम्ही नाक धरा."

ती गेल्यावर मला वाटलं होतं, पा ते फेकून देतील. त्यांनी उलट त्याला जीव लावला, आणि त्या लाडानं ते जवळजवळ मारलंच. रोज पाणी. बुंध्याशी दांडे काळे पडून पिचपिचीत झाले. मग तान्नी फिया त्यांच्यावर डाफरली, "फ्लोरस, हे काय जिरॅनियम आहे? ह्याला उपाशी ठेवायचं असतं, लाडवायचं नसतं." तिनं शिकवलं तसं पांनी चांगले दांडे चाकूनं कापले, सावलीत वाळत ठेवले, कापलेल्या तोंडावर खपली धरेपर्यंत, आणि मग खडीमिश्रित वाळूत नुसते टेकवले. धरले. तेव्हापासून माझ्याशी फोनवर त्यांचं तेवढंच बोलणं. कसे आहात विचारलं तर म्हणणार, "आज पाणी दिलं नाही." किंवा, "मुळाशी पांढरी कीड होती, ब्रशनं स्पिरिट लावलं." थंडीत तर थेंबही नाही, आणि तेही मला अभिमानानं सांगायचे. मी ऐकून घ्यायची. मध्येच एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "एलरॉय कुठल्या रस्त्यावर राहतो म्हणालीस?" मी सांगितलं आणि विसरून गेले.

तर पा घरात नव्हते. लोकांनी निःश्वास सोडला, पण माझी खरी काळजी तिथूनच सुरू झाली. रविवारचा कोट नव्हता, हॅट नव्हती. गोळ्या मात्र इथंच. चर्च कधी न चुकवणारा माणूस कुणाला न सांगता जातो कुठे? फियाच्या शेळ्यांनी खाऊ नये म्हणून झाड आत ठेवलं, खिडक्या लावल्या, म्हणजे परत यायचा विचार होता. की नव्हता? मागं राहणाऱ्या वस्तूची कुणी अशीही सोय लावतं. हे मी कुणाला बोलले नाही. क्लेटन आणि पुरुषमाणसं धरणाकडे गेली. मी दफनभूमीत गेले. मम्माच्या थडग्यावर कुणी नव्हतं. तुला पुन्हा फोन लावला. मग तिथंच बसून तुला खूप शिव्या दिल्या, मम्माच्या समोर.

सोमवारी सकाळपासून पुन्हा शोध. दुपारी मी ओट्यावर बसले होते, तान्नी फिया जबरदस्तीनं निखाऱ्यावरचा पाव भरवत होती, आणि कोपऱ्यावर एक ट्रक थांबला. त्यातून पा उतरले. धुळीनं माखलेले, कोट हातावर. समोर गर्दी, खुर्च्यांच्या ओळी. त्यांनी हॅट काढून छातीशी धरली आणि हळू आवाजात ऊम केर्नील्सला विचारलं, "कोण गेलं?"

मग तान्नी फिया कडाडली, "तू गेलास, मेल्या! कालपासून रडतोय आम्ही तुझ्या नावानं! कॉफी संपली माझी!" आणि तिनं त्यांना मिठी मारली. सगळे हसले. पाही हसले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

कुठे होतात, विचारलं तर म्हणाले, काम होतं. दार कुणी तोडलं म्हणून पोलिसावर चिडले. मी क्लेटनला परत पाठवलं आणि राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर कुंडी घेऊन बसले, कोमेजलेली फुलं कापून काढत, आणि खाली बघतच बोलायला लागले.

शुक्रवारी पहाटे ते दवाखान्याच्या गाडीनं तुमच्या पोर्ट एलिझाबेथला आले होते. इथल्या नर्सनं पोटात गाठ लागतेय म्हणून मोठ्या दवाखान्यात तपासायला पाठवलं होतं. कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा. तपासणी झाल्यावर गाडी परत निघाली तर ड्रायव्हरला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी मुलाकडे थांबतोय." मुलाकडे! त्या रात्री आणि पुढच्याही दोन रात्री ते दवाखान्यातल्या बाकावर झोपले. आणि दिवसा तुझ्या घरासमोर, रस्त्यापलीकडच्या भिंतीपाशी उभे राहिले. शनिवारी कुणी दिसलं नाही. रविवारी तू गाडी धूत होतास. पा म्हणाले, "वाळलाय. जेवतो की नाही कोण जाणे." मी म्हटलं, "मग हाक का नाही मारलीत?" तर म्हणाले, "तोंड उघडलं आणि मीच त्याला काय म्हणालो होतो ते आठवलं."

तू आत गेलास तेव्हा तुझी छोटी टेशा फाटकाशी आली. तिनं विचारलं, "आजोबा, कोण हवंय?" कुठल्याही म्हाताऱ्याला म्हणतात तसंच म्हणाली असेल ती. तिला काय माहीत? पण पांनी आपण कोण ते तिला सांगितलं नाही. त्यांनी जॅमच्या डब्यात लावलेला मढंफुलाचा एक दांडा सोबत आणला होता, तुझ्यासाठी. तो फाटकातून तिच्या हातात दिला. "आईला सांग, पाणी घालू नका," म्हणाले आणि निघून आले.

तेव्हा तुझ्या घरात कुठे तो डबा असेल तर फेकू नकोस. सकाळचं ऊन लागेल आणि दुपारी सावली राहील अशा जागी ठेव. बोटानं वाळू चाचप, पूर्ण कोरडी झाल्यावरच थोडं पाणी, आणि थंडीत नाहीच. टेशाला कळी फोडू देऊ नकोस. उमललं की तुझी बायको नाक धरेल, धरू दे.

पण मी हे झाडासाठी लिहीत नाही. आणि तुम्ही दोघांनी समेट करावा असं सांगायलाही नाही, ते माझ्या हातात नाही. ईस्टरनंतर पांचं ऑपरेशन आहे. गाठ कसली ते कापल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. आदल्या दिवशी घरच्या माणसाला दवाखान्यातून फोन करून कळवतात, आणि शुद्धीवर आल्यावर न्यायला कुणीतरी जवळचं लागतं. तिथल्या बाईंनी पांना विचारलं, "तुमचं या शहरात कोण आहे?" मुलगी इतक्या लांब, शिवाय तिची नोकरी, इथं कुणीच नाही, असं तिला सांगता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी तुझं नाव दिलं, एलरॉय. आणि नंबरही पाठ होता त्यांना. मला हे सांगून वर बजावलंय की त्याला कळवू नकोस, यायचं तर येईल. माझी झोप उडाली आहे. तू अनोळखी नंबर उचलत नाहीस, हे मला माहीत आहे. माझे नको उचलूस, आयुष्यभर नको उचलूस. तो एक उचल.

तुझीच,
लवोना