कोठीचे डॉक्टर काय म्हणाले

१२ नोव्हेंबर १९९७, बुधवार. हिमायतनगर

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. उजव्या हातानेच लिहिणार.

कोठी भागातल्या डॉक्टरांनी आज स्पष्ट सांगितलं, "अर्धशिशीतून आलेला मेंदूचा झटका होता. तुमच्या वयात बहुतेक जण चांगले सावरतात. हाताला अजून जोर येईल. पुन्हा होण्याचा धोका थोडा, पण आहे. गोळ्या चुकवू नका." एवढ्यातून यांनी घरी काय आणलं? "पण आहे." सासूबाईंनाही तेवढंच सांगितलं. माझा एसटीडी बूथ विकायचं तर रिक्षातच ठरवून टाकलं!

झटका आला तेव्हा माझं तोंड वाकडं झालेलं बघूनही याच घरानं 'पित्त चढलंय' म्हणत कपाळावर सुंठ उगाळून लावली होती. अख्खी दुपार गेली त्यात. तेव्हा कुणाला धोका दिसला नाही. आता मी चालते-बोलते, तर सगळ्यांना दिसतोय.

भीती मला नाही का? डोकं ठणकलं की आधी जीभ हलवून बघते. पण आहे, पण आहे... म्हणून बसून राहू?

संध्याकाळी किल्ली घेतली आणि खाली उतरले. शटर ओढताना उजवा हात थरथरला. डावा लावला. गेलं वर एकदाचं. दुबईला मुलाशी बोलायला आलेल्या शेजारच्या नूरआपा खूश. "क्या भाभी, खोल दिये? अच्छा करे!"

मागून हे धावत आले. "अगं, पुन्हा झालं तर?"

"तर इथे होईल, शटर उघडं असताना," मी म्हटलं. "आणि तेव्हा सुंठ उगाळत बसू नका. रिक्षा बोलवा."