भरतीला घर रिकामं ठेवू नये

५ जानेवारी २०२६, पेण

खोली मिळाली! रितेश म्हणाला, आज तरी डायरीत काहीतरी चांगलं लिही. तर लिहिते: खोली मिळाली, खोली मिळाली.

भालकीहून निघताना वाटलं होतं, काम मिळणं अवघड. जागेचं काय, भाडं दिलं की मिळते. झालं उलटंच. रितेशला रोह्याच्या केमिकल कंपनीत लगेच घेतलं, मला इथे पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला. जागा मात्र कुणी देईना. रामवाडीत एका बाईंनी आधार कार्डावर कर्नाटक वाचलं आणि मुलीचं लग्न ठरलंय, खोली लागेल म्हणाल्या. आतून त्यांच्या सासूबाई विचारत होत्या, कुणाचं लग्न? जिते गावात एका मालकांनी आमच्या आडनावावरून जात काढायचा बराच प्रयत्न केला. जमलं नाही म्हणून नाही म्हणाले. रोह्यात शिफ्टवाले नकोत. आणि सगळीकडे, अहो, मराठी छान बोलता तुम्ही! जणू मी दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं.

कारखान्याच्या पोटमाळ्यावर, डोळे न आखलेल्या मूर्तींच्या रांगेत झोपत होतो आम्ही. तिथे कुणीतरी जगनशेठचं नाव सांगितलं. हायवेलगत उंचावर त्यांचा बंगला, आणि खाली खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला तीन खोल्यांची चाळ. दोन खोल्यांत सिमेंटची पोती, तिसरी आमची. नव्या फरशा, ताजा रंग, लोखंडी दार. आधार पाहिलंच नाही त्यांनी. डिपॉझिट नको, करार नको, माणसं चांगली दिसता म्हणाले. एकच अट: अमावास्येला आणि पौर्णिमेला भरदुपारी घराला कुलूप नसावं, बाईमाणूस घरात असावं. त्यांच्यात तशी पद्धत आहे म्हणे. मी हसून हो म्हटलं. आयतीच सुट्टी!

१० जानेवारी

घर लागलं. गॅस आला. कारखान्यात पीतांबर रंगवायला देतात; डोळ्यांची आखणी जुन्या माणसांकडेच.

समोरच्या बांधापलीकडे हौसामावशी राहतात. पूर्वी मिठागरावर कामाला जायच्या, आता सुकट विकतात. वाटीभर सुकट घेऊन आल्या, पण चहाला आत या म्हटलं तर रस्त्यावरच उकिडव्या बसल्या. मी किती दिवस राहणार, असं दोनदा विचारलं. कायमची, म्हटलं. त्या उठल्या आणि बांधावरून परत गेल्या.

भिंतीचा रंग छातीच्या उंचीपर्यंत सुटतोय. खाली मीठ फुललंय. बोट लावून चाखलं. खारटच.

१८ जानेवारी

अमावास्या. रितेश पहिल्या शिफ्टला. सकाळी जगनशेठचा फोन आला, घरीच आहात ना? दुपारी परत फोन. मी भाकऱ्या थापत होते.

पायाला गार लागलं. पाहिलं तर फरशीवर पाणी. नळ बंद होता. दाराच्या फटीतून बघितलं, बाहेर रस्त्यावर धूळ उडत होती. पाणी भिंतीतूनही येत नव्हतं, ते नुसतं वाढत होतं. घोट्यापर्यंत आलं. गढूळ, त्यात भाताच्या पेंढ्याच्या काड्या. मग दारावर थापा सुरू झाल्या. उघड्या तळव्याच्या थापा. बाहेरून नाही, आतून. दार माझ्यासमोर हातभर अंतरावर होतं आणि तिथे कुणी नव्हतं. प्रत्येक थापेला पत्रा थरथरत होता.

मी जगनशेठना फोन लावला. काय होतंय ते विचारलंच नाही त्यांनी. म्हणाले, "तुम्ही आतच आहात ना?" मी हो म्हटलं. त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि फोन ठेवला.

पाणी ओसरलं. भाकरी तव्यावर जळून गेली होती.

२२ जानेवारी

रितेश म्हणतो ओल आहे, खाडीकाठी असंच असणार. तरी मेमू गाडीने रोह्याला जाऊन चार ठिकाणी विचारून आला. नाही, नाही, नाही, फॅमिली आहे का, हो, कुठली, नाही.

आज मी हौसामावशींना बांधावर गाठलं. हात धरून बसवलं. त्या आधी रडल्या.

आमच्याआधी, मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात, त्या खोलीत नेपाळी जोडपं होतं. तो कंपनीत वॉचमन, ती सुनमाया, आणि तिची धाकटी बहीण. जगनशेठला जास्त भाड्याचं गिऱ्हाईक मिळालं. निघा म्हणाला. जायला जागा नव्हती, ते निघेनात. तेव्हा त्यांना अद्दल घडवायला त्याने बाहेरून कडी घातली आणि खांब गावाला पाहुण्यांकडे जेवायला गेला. त्या दुपारी अमावास्येच्या उधाणाने खाडीचा बांध फुटला.

"हाका मारीत व्हत्या गो," मावशी म्हणाल्या. "मी पोचले तवा पानी दारावर चढला व्हता. कडी हातान गावली नाय."

तिघंही आतच बुडाली. मी विचारलं, पोलीस? मावशी म्हणाल्या, आले. जगनशेठने सांगितलं, ते इथे राहतच नव्हते, पुरात वाहून आले असतील. करार नव्हता, पावती नव्हती. खोटं कसं ठरवायचं? मावशींचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही.

"मग मला इथे का ठेवलंय?"

"ती खोली रिकामी रायली का पानी त्याच्या बंगल्यान जातंय. बायको म्हायेरी पलाली त्याची. म्हनून भरतो तो. ज्यांना कोनी घर देत नाय, त्यांना देतो."

१ फेब्रुवारी

पौर्णिमा. रितेशची सुट्टी होती. त्यानेही पाहिलं. पाणी कंबरेपर्यंत. भांडी तरंगत होती. तो दार उघडायला धावला, दार उघडेना, बाहेर कडी नव्हती तरी.

पाण्याखाली माझ्या हातात एक हात आला. बाईचा. बोटांची कातडी सुरकुतलेली, कपडे धुऊन होते तशी. मला वाटलं ओढून नेईल. तिने माझा तळवा उचलून दारावर ठेवला, आणि आम्ही दोघींनी मिळून थाप मारली. ढोका खोल, ढोका खोल, असं कानाजवळ कुणी म्हणत होतं. खोल म्हणजे उघड, एवढं मला कळलं.

ओसरल्यावर रितेशने बॅग काढली. म्हणाला आत्ताच्या आत्ता निघू. मी विचारलं, कुठे? पोटमाळ्यावर?

मला भीती वाटली होती, पण ती हात सुटल्यावर गेली. आता दुसरंच काही आहे. त्या माणसाने आम्हाला बोळ्यासारखं वापरलं. भोकात कोंबायचा बोळा.

८ फेब्रुवारी

जगनशेठ भेटला. काही त्रास नाही ना, म्हणाला. नाही, म्हटलं. त्याच्या बुटांकडे पाहत होते. स्वच्छ, कोरडे.

रितेश म्हणतो विसर. मी विसरणार नाही. अमावास्या सतराला आहे.

१७ फेब्रुवारी

आजचं आजच लिहिते.

बारा वाजता त्याला फोन केला. आम्ही खोली सोडली, कुलूप नाही, दार उघडंच आहे. तो ओरडला, थांबा, मी येतो. मी फोन बंद केला आणि शेजारच्या खोलीच्या आडोशाला उभी राहिले.

मोटारसायकल आली. हाका मारत आत शिरला. ताई, अहो ताई. मोरीत, पलंगाखाली बघत असेल—

मी कडी घातली. सोपं होतं. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

आधी शिव्या. मग पाण्याचा आवाज. मग थापा. म्हणाला, प्रतीक्षाताई, कडी काढा, करार करून देतो, खोली नावावर करतो.

मी म्हटलं, "त्यांची नावं सांगा. तिघांची. उघडते."

"नेपाळी," म्हणाला. "ते नेपाळी—"

"नावं."

"मला माहीत नाय! खरंच माहीत नाय!"

मला वाटतं मी उघडणार होते. कडीवर हात होता. पण त्याला एकही नाव— घरात राहणाऱ्या माणसांचं एकही—

थापा थांबल्या. आतून कुणी बायका हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. नुसतं शांत. मग मी कडी काढली. फरशी कोरडी. तो दाराशी पडलेला, डोळे उघडे, तोंडातून खारं पाणी—

२१ फेब्रुवारी, रोहा

हार्ट अटॅक म्हणाले. आमच्याकडे कुणी चौकशीला आलं नाही. येणार कसं? आम्ही तिथे राहतो असं कुठे लिहिलंच नव्हतं.

आणि खोली मिळाली. दुसऱ्या मजल्यावर, फरझानाभाभींच्या घरात. त्यांचे मिस्टर कुवेतला असतात. भाभींनी स्वतः करार करून दिला. मी हौसामावशींना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, कडी तू घातलीस गो? आणि फोन ठेवला.

मला वाईट वाटत नाही. लिहून ठेवते. अजिबात नाही.

३ मार्च

पौर्णिमा. रस्त्यावर शिमग्याचे ढोल. रितेश शिफ्टला.

फरशी ओली आहे.

दुसरा मजला आहे हा—

सुनमाया असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तिचं नाव घेतलं मोठ्याने. पाण्यात हात घातला. कुणी धरला नाही.

दार उघडत नाही. भाभी खाली आहेत, ढोलांत ऐकू जात नाही त्यांना. फोन भिजला.

पलंगावर उभी राहून लिहितेय. पाणी गुडघ्याला. थापा सुरू. ह्या बाईच्या नाहीत. जड आहेत. ह्याच थापा मी ऐकल्यात, बाहेरून, उन्हात उभी राहून—

गळ्याशी

बोलतोय तो. विनवतोय का? नाही. रागाने— कडी काढ म्हणतो— कडी नाहीये इथे, मी कुठून—

नाव घेतोय माझं. पुन्हा पुन्हा. माझं नाव त्याला बरोबर