कॅलेंडरवरचा पासवर्ड

शहापूर, मंगळवार संध्याकाळ

ऑफिसातल्या कॉम्प्युटरांवर नजर ठेवणाऱ्या माझ्या प्रोग्रामने आज पहिला संशयित पकडला. कोण, तर नवीन आलेली वंदना. तिचं लॉगिन आपोआप बंद झालं आणि तिच्या नावाचा रिपोर्ट नागपूरच्या मुख्य ऑफिसला गेला.

"सर, माह्याकडून काय चुकलं जी?"

काहीच नाही. तिने स्वतःचा पासवर्ड टाकला, एवढंच. बाकी सगळे मोठ्या बाबूंचाच, म्हणजे हेडक्लार्कचाच टाकतात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला. तीन महिने तेच पाहून प्रोग्राम त्यालाच नियम समजायला शिकला. त्याला काय दोष द्यायचा?

नागपूरला फोन करून रिपोर्टमधून तिचं नाव काढायला सांगितलं. "कारण काय लिहू?" तिकडून विचारलं.

माझी नजर कॅलेंडरवर गेली. प्रोग्राम बसवताना मीही तोच पासवर्ड टाकला होता.